फॉर्ममधले रकाने कोण आखतो?

रेल्वेचे तिकीट ऑनलाइन काढताना पडद्यावर आधी एकाच प्रवाशाचे रकाने दिसतात: नाव, वय, लिंग, बर्थची पसंती. ‘प्रवासी जोडा’ म्हटले की तशीच आणखी एक ओळ खाली उघडते. आई-वडील, दोन मुले आणि आपण दोघे असे सहा जण झाले की मात्र पुढची ओळ मिळत नाही, कारण साधारण आरक्षणात एका तिकिटावर सहाच प्रवासी चालतात. शिष्यवृत्तीच्या अर्जातही असेच होते. एका प्रश्नाला ‘होय’ म्हटले की त्याखाली दोन-तीन नवे रकाने येतात आणि ‘नाही’ म्हटले की ते निघून जातात.

ब्राउझरच्या बाजूला यात फारसे गूढ नाही. पानासोबत आलेली स्क्रिप्ट रकाने काढते आणि पुसते. कोडे आहे ते दुसऱ्या टोकाला. सर्व्हरवरचा प्रोग्राम कित्येक महिन्यांपूर्वी लिहून, तपासून बसवलेला असतो. आज तुम्ही किती प्रवासी जोडाल, कोणत्या प्रश्नाला होय म्हणाल, हे त्याला ठाऊक नसते. तरी आलेली प्रत्येक गोष्ट तो नेमक्या जागी ठेवतो. ती जागा त्याने कधी केली?

जावा या भाषेत हे कोडे जास्तच अवघड होते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली तेव्हापासून तिचा एक कडक शिरस्ता आहे. कोणत्याही ऑब्जेक्टमध्ये कोणती माहिती राहील आणि ती कोणत्या प्रकारची असेल, हे आधी क्लासमध्ये लिहून द्यायचे. ऑब्जेक्ट म्हणजे चालत्या प्रोग्रामने माहिती एकत्र ठेवायला केलेली जागा, आणि क्लास म्हणजे तिचा आराखडा. लिहिलेला प्रोग्राम चालवण्याजोग्या रूपात आणणारा कंपायलर हा आराखडा डोळ्यांत तेल घालून तपासतो आणि त्यात नसलेली गोष्ट कुणी मागितली तर तिथेच अडवतो. मोठमोठ्या बँका आणि विमा कंपन्या जावावर विसंबल्या, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा आहे. पण फॉर्म सतत बदलणारा आणि भाषा इतकी कडक, तर दोघांचे जमवायचे कसे? त्यावर निघालेला सर्वांत बोलका उपाय स्ट्रट्स नावाच्या फ्रेमवर्कमध्ये २००३ साली आला. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट चालवायला लागणारी नेहमीची कामे आधीच करून ठेवलेला सांगाडा. स्ट्रट्सची ती पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. तरीही हा विषय समजून घ्यायला मी तीच निवडतो, कारण तिच्यात सगळी यंत्रणा उघड्यावर दिसते.

ब्राउझर फक्त मजकूर पाठवतो

‘सबमिट’ दाबल्यावर ब्राउझर भरलेल्या फॉर्मची एक सलग ओळ तयार करतो. तिचे रूप साधारण असे असते:

नाव=सीमा&वय=३४&बर्थ=खालचा

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे रकान्याचे नाव, उजवीकडे भरलेले मूल्य, आणि दोन जोड्यांच्या मध्ये एक सांधणारे चिन्ह. वय हा आकडा आहे किंवा प्रवासाचा दिवस ही तारीख आहे, असे या ओळीत कुठेही सांगितलेले नसते. सगळा नुसता मजकूर.

या ओळीची आणखी एक खोड लक्षात ठेवायला हवी. मजकुराचा रकाना रिकामा सोडला तर त्याचे नाव जाते आणि पुढे मूल्य कोरे असते. चेकबॉक्स मात्र टिक न करता सोडला तर त्याचे नावसुद्धा जात नाही. ज्याने विचार करून विम्याच्या चौकटीत टिक केली नाही तो माणूस आणि ज्याच्या फॉर्मवर ती चौकटच नव्हती तो माणूस, दोघांच्या ओळी सर्व्हरला सारख्याच दिसतात.

सर्व्हरवर ही ओळ उलगडायला जावामध्ये सर्व्हलेट असते. त्याला रकान्याचे नाव सांगायचे, ते मजकूर देते. नाव आलेच नसेल तर ‘नल’, म्हणजे काहीच नाही, असे उत्तर देते. सुरुवातीचे प्रोग्रामर असेच एकेक रकाना मागत. चाळीस रकान्यांचा फॉर्म असेल तर चाळीसदा मागायचे, प्रत्येकदा तो कोरा आहे का ते पाहायचे, आकडा हवा असेल तर मजकुराचा आकडा करायचा. भाडे मोजण्याचे खरे काम या घासाघिशीत कुठेतरी दबून जाई.

छापील रजिस्टर

क्रेग मॅकक्लॅनहन यांनी लिहिलेले स्ट्रट्स २००० साली अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आले आणि २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. त्याने प्रोग्रामरला सांगितले, की तुमच्या फॉर्मसाठी ‘ॲक्शन फॉर्म’ नावाच्या क्लासवरून एक क्लास लिहा. त्यात प्रत्येक रकान्यासाठी एक जागा ठेवा, ती वाचणारी एक मेथड, म्हणजे नाव दिलेला कामाचा तुकडा, लिहा आणि तिच्यात मूल्य ठेवणारी दुसरी. वाचणारीच्या नावाची सुरुवात ‘गेट’ने आणि ठेवणारीची ‘सेट’ने करा. बाकी भरण्याचे काम आमचे.

हे भरणे कसे होते ते पाहण्यासारखे आहे. चालू असलेल्या प्रोग्रामलाच स्वतःच्या क्लासची चौकशी करता येते. जावामध्ये या सोयीला रिफ्लेक्शन म्हणतात. ओळीत ‘वय’ हे नाव दिसले की फ्रेमवर्क तुमच्या क्लासला विचारते: ‘सेट’ने सुरू होणारी आणि पुढे ‘वय’ असलेली मेथड तुझ्याकडे आहे का? असेल, तर ती कोणत्या प्रकारचे मूल्य घेते? आकडा घेते असे कळले की मजकुराचा आकडा केला जातो आणि मेथड बोलावली जाते. अशी मेथडच नसेल तर ती जोडी मुकाट्याने सोडून दिली जाते. हे सगळे काम ‘कॉमन्स बीन युटिल्स’ नावाची वेगळी लायब्ररी करते. स्ट्रट्सचे वय झाले, पण ही लायब्ररी पुढेही कितीतरी ठिकाणी वापरात राहिली.

या क्लासची कल्पना करायची तर कार्यालयातले छापील रजिस्टर डोळ्यांसमोर आणावे. रकाने छापखान्यात ठरलेले, मथळे छापलेले. कारकुनाने फक्त योग्य रकान्यात लिहायचे. चूक व्हायला वाव कमी, पण एक रकाना वाढवायचा झाला तर पुन्हा छापखाना गाठावा लागतो. जावाच्या बाबतीत छापखाना म्हणजे कंपायलर: क्लास बदला, पुन्हा कंपाइल करा, पुन्हा सर्व्हरवर बसवा. शिवाय हे क्लास लिहिणे अतिशय कंटाळवाणे होते. तीस रकान्यांच्या फॉर्मला साठ मेथड, आणि त्या साठांपैकी एकीतही डोके चालवण्यासारखे काही नाही. पन्नास पडद्यांच्या प्रकल्पात अशा क्लासांचा ढीग साचे.

रेघा आखून घेण्याची सोय

जून २००३ मध्ये आलेल्या स्ट्रट्स १.१ ने यावर ‘डायना ॲक्शन फॉर्म’ काढला. आता प्रत्येक फॉर्मसाठी वेगळा क्लास नको. कॉन्फिगरेशनच्या एक्सएमएल फाइलमध्ये फॉर्मला नाव द्यायचे आणि त्याखाली रकान्यांची यादी द्यायची. तिचा मथितार्थ असा:

फॉर्म: तिकीटफॉर्म
रकाना: नाव, प्रकार: मजकूर
रकाना: वय, प्रकार: पूर्णांक
रकाना: बर्थ, प्रकार: मजकूर, सुरुवातीचे मूल्य: खालचा

छापील रजिस्टराऐवजी आता कोरे रजिस्टर आले. पहिल्या दिवशी कारकून एका कागदावरची यादी वाचून त्यात रेघा आखतो आणि मथळे लिहितो. रकाना वाढवायचा तर कागदावर एक ओळ वाढवली की झाले. छापखान्याची गरज नाही.

आत काय घडते? सर्व्हर सुरू होताना ही यादी वाचली जाते आणि तिच्यापासून ‘डायना क्लास’ नावाचा एक ऑब्जेक्ट बनतो. त्याच्याकडे प्रत्येक रकान्याचे नाव आणि प्रकार असतो. म्हणजे आराखडाच, फक्त तो कंपायलरने घडवलेला नसून चालत्या प्रोग्रामने वाचून बनवलेला. कुणी फॉर्म भरून पाठवला की त्या आराखड्यावरून एक ‘डायना बीन’ तयार होते. बीन म्हणजे असे रकाने धरून ठेवणारा ऑब्जेक्ट. तिच्या पोटात एक हॅशमॅप असतो, म्हणजे नावावरून मूल्य शोधून देणारा साठा. ‘वय’ मागितले की ती साठ्यात शोधते. तिथे काही नसेल तर आराखड्याकडे जाते. रकाना साध्या आकड्याचा असेल तर शून्य देते, होय-नाहीचा असेल तर ‘नाही’ देते. यादीतच नसलेला रकाना मागितला तर ती चूक झाल्याचे जाहीर करते. पूर्णांकाच्या रकान्यात प्रोग्रामरने थेट मजकूर ठेवायचा प्रयत्न केला तरीही अडवते.

इथे क्षणभर थांबायला हवे, कारण या विषयाचे मर्म इथेच आहे. रकान्यांची यादी गेलेली नाही आणि प्रकारांची तपासणीही गेलेली नाही. जे काम जावाने कंपायलरवर सोपवले होते, ते एका लायब्ररीने प्रोग्राम चालू असताना करायला घेतले आहे. यादी फक्त जागा बदलून क्लासमधून फाइलमध्ये आली.

जागा बदलण्याची किंमत मात्र मोजावी लागते. छापील रजिस्टरात ‘वय’ऐवजी ‘वाय’ मागणारा प्रोग्राम कंपाइलच झाला नसता. आता ‘वाय’ हा अवतरणातला एक शब्द आहे. तो चुकीचा आहे हे कंपायलरला कळायला मार्ग नाही. चूक उघडी पडते ती तो पडदा प्रत्यक्ष चालवल्यावर, आणि तपासणीत तो पडदा राहून गेला असेल तर थेट ग्राहकासमोर. बीनमधून आलेले मूल्य ‘कोणतातरी ऑब्जेक्ट’ म्हणून हाती येते. ते मजकूर आहे की आकडा हे प्रोग्रामरने दरवेळी सांगावे लागते. पानावर मूल्ये दाखवणाऱ्या भाषेलाही या रकान्यांसाठी खऱ्या गेट-मेथड सापडत नाहीत, म्हणून तिथे बीनच्या पोटातल्या मॅपमधून वळसा घालून जावे लागे.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. नावात ‘डायना’, म्हणजे डायनॅमिक, असले तरी हा फॉर्म चालता चालता बदलत नाही. यादी सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचली जाते. रेघा पहिल्या दिवशी आखल्या की त्या वर्षभर त्याच.

चौकट: एका विनंतीचा प्रवास

ब्राउझरची विनंती येताच स्ट्रट्स तिच्या पत्त्यावरून कोणता फॉर्म आणि कोणते काम ते ठरवते. मग फॉर्मचा ऑब्जेक्ट शोधते किंवा नवा करते. त्यानंतर ‘रिसेट’ बोलावते, मग ओळीतली मूल्ये भरते, मग नियमांप्रमाणे तपासते. काही चुकले असेल तर वापरणाऱ्याला त्याने भरलेल्या मजकुरासह त्याच पानावर परत पाठवते. सगळे ठीक असेल तरच प्रोग्रामरने लिहिलेल्या कामाची पाळी येते. म्हणजे तुमचा कोड जागा होतो तेव्हा फॉर्म भरून, तपासून तयार असतो.

‘रिसेट’ कशाला, असा प्रश्न पडेल. फॉर्मचा ऑब्जेक्ट दर विनंतीला नवा असेल तर त्याची गरज नाही. पण तीन-चार पानांचा लांब अर्ज असेल तर तोच ऑब्जेक्ट वापरणाऱ्याच्या सेशनमध्ये, म्हणजे त्याच्या एका भेटीपुरत्या साठ्यात, जपून ठेवतात. मागच्या पानावर विम्याची टिक केली होती, आता परत येऊन ती काढली. ब्राउझर त्या चौकटीचे नावच पाठवणार नाही, त्यामुळे भरणारी यंत्रणा त्या रकान्याला हात लावणार नाही, आणि जुने ‘होय’ तसेच राहील. म्हणून भरण्याआधी ते पुसावे लागते. डायना ॲक्शन फॉर्मचा स्वतःचा रिसेट काहीच पुसत नाही. ते काम ज्याचे त्याने करायचे होते. स्प्रिंग या फ्रेमवर्कने पुढे यावर चांगली युक्ती काढली: प्रत्येक चेकबॉक्ससोबत एक अदृश्य रकाना पाठवायचा, चेकबॉक्सच्याच नावाआधी अधोरेषा लावलेला. अदृश्य रकाना आला आणि चेकबॉक्स आला नाही, म्हणजे चौकट पानावर होती आणि टिक केलेली नव्हती.

मराठीत भरलेला फॉर्म

मजकुराचा आकडा करताना काय होते ते मराठी वाचकांना जास्त जवळचे वाटेल. वयाच्या रकान्यात कुणी इंग्रजी अंकांऐवजी देवनागरीत ३४ लिहिले तर? जावाची पूर्णांक वाचणारी नेहमीची मेथड युनिकोडमधले अंक ओळखते, देवनागरी अंकही. ती हे ३४ बिनतक्रार वाचते. पण ‘चौतीस’ लिहिले तर आकडा होणार नाही, आणि बीन युटिल्सच्या नेहमीच्या मांडणीत अशा वेळी चूक न सांगता शून्य ठेवले जाई. सीमाताईंचे वय शून्य होई आणि त्यांनी काय लिहिले होते ते कायमचे हरवे. पानावर परत दाखवायलाही ते शिल्लक नसे. म्हणून अनुभवी मंडळींचा सल्ला ठरून गेला: फॉर्ममधले सगळे रकाने मजकूर म्हणूनच ठेवा, आधी तपासा, आणि आकडे-तारखा पुढच्या टप्प्यात करा. मला हा सल्ला आजही पटतो. फॉर्म ही माणसाने लिहिलेल्या गोष्टीची नोंद आहे. ती चूक असली तरी जशीच्या तशी दिसली पाहिजे.

नावांची अडचण याहून मोठी होती. ब्राउझर युटीएफ-८ या पद्धतीने मजकूर पाठवतो तेव्हा देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. ‘सीमा’मध्ये स, दीर्घ ई, म आणि आ असे चार घटक, म्हणजे बारा बाइट. सर्व्हलेटला काही सांगितले नाही तर ते एका बाइटला एक युरोपीय अक्षर या जुन्या हिशेबाने वाचत असे, आणि डेटाबेसात बारा निरर्थक चिन्हांची रांग जाऊन बसे. ‘ही ओळ युटीएफ-८ मध्ये वाच’ असे सांगायची सोय होती, पण ओळीतला पहिला रकाना वाचण्याआधी सांगितले तरच ती लागू पडे. आणि वरची चौकट पाहा: प्रोग्रामरचा कोड जागा होईपर्यंत फ्रेमवर्कने सगळे रकाने वाचलेले असत. त्यामुळे ही सूचना फ्रेमवर्कच्याही आधी, विनंतीच्या वाटेवर बसवलेल्या ‘फिल्टर’मध्ये द्यावी लागे. ज्या भाषेत फॉर्म भरला जाणार त्या भाषेची काळजी फॉर्मच्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचेस्तोवर लांबवून चालत नाही.

सहावा प्रवासी

आता तिकिटाकडे वळू. प्रवासी किती येतील हे माहीत नसताना जागा कशी करायची? इथे रकान्याच्या नावाचेच व्याकरण कामी येते. पानावरची स्क्रिप्ट ओळींना अशी नावे देते:

प्रवासी[०].नाव=सीमा
प्रवासी[०].वय=३४
प्रवासी[१].नाव=अनंत

चौकोनी कंसातला आकडा म्हणजे यादीतला क्रमांक, तो शून्यापासून मोजतात. टिंब म्हणजे ‘त्याच्या आत जा’. भरणारी लायब्ररी हे नाव डावीकडून वाचते: फॉर्ममधली ‘प्रवासी’ ही यादी घे, तिच्यातला शून्याव्या क्रमांकाचा प्रवासी घे, त्याच्या ‘नाव’ रकान्यात सीमा ठेव. स्ट्रट्समध्ये गोल कंसही चालत, तेव्हा क्रमांकाऐवजी शब्दाने शोध होई. आराखड्यात ‘प्रवासी ही यादी आहे’ एवढेच लिहायचे. ती किती लांब हे ओळ आल्यावर ठरते.

यात अडखळायची जागा अशी, की शून्यावा प्रवासी ‘घे’ म्हटले तर तो आधी तिथे असायला हवा. नुकत्याच बनलेल्या फॉर्ममध्ये यादी रिकामी असते, त्यामुळे पहिल्याच नावावर गाडी अडे. नव्या लोकांचे कितीतरी तास यातच जात. उपाय होता ‘आळशी’ यादीचा: मागितलेला क्रमांक नसेल तर तेवढ्यापुरती जागा तिथल्या तिथे तयार करून देणारी. बीन युटिल्समध्ये ‘लेझी डायना बीन’ आली ती याच विचाराने, आणि ती एक पाऊल पुढे गेली. तिला आधी रकान्यांची यादीही लागत नाही. तुम्ही ज्या नावाने काही ठेवाल तो रकाना ती तेव्हाच निर्माण करते. हे झाले पूर्ण कोरे रजिस्टर: ना छापील मथळे, ना आखलेल्या रेघा. समोरचा जे सांगेल ते लिहीत जायचे.

लेखणी कुणाच्या हाती

कोऱ्या रजिस्टराची मोकळीक प्रोग्रामरला सुखावते, पण आता मथळे कोण ठरवतो ते पाहा. विनंतीची ओळ पाठवणारा. आणि ती ओळ आपल्या पानानेच पाठवली असेल याची काही खात्री नसते. कुणीही हाताने हवी तशी ओळ लिहून सर्व्हरकडे धाडू शकतो.

प्रवासी[९०००००००].नाव असे कुणी पाठवले तर आळशी यादी नऊ कोटी जागा करायला निघेल आणि सर्व्हरची मेमरी भरून जाईल. स्प्रिंगने म्हणूनच आपोआप वाढणाऱ्या याद्यांवर २५६ ची मर्यादा घातली आहे. तिकिटाच्या फॉर्मला मी तर सहाचीच घालीन.

दुसरा धोका कमी दिसतो. वापरणाऱ्याची माहिती बदलण्याच्या फॉर्मवर नाव आणि पत्ता एवढेच रकाने आहेत. पण तो थेट ज्या ऑब्जेक्टमध्ये भरला जातो त्यात ‘प्रशासक आहे का’ अशीही एक जागा आहे. ओळीच्या शेवटी ती जोडी हाताने चिकटवली की यंत्रणा ती जागाही भरून टाकते. पानावर रकाना नव्हता याला काही अर्थ उरत नाही.

तिसरा धोका जावाच्या मुळाशी आहे. जावाच्या प्रत्येक ऑब्जेक्टकडे, कुणी न लिहिताही, आपला क्लास सांगणारी एक गेट-मेथड असते. म्हणजे प्रत्येक साध्या फॉर्ममध्ये ‘क्लास’ नावाचा एक न आखलेला रकाना असतोच. टिंबांच्या व्याकरणाने त्याच्या आत, त्याहून आत जात सर्व्हरच्या गाभ्यापर्यंत पोहोचता येते. पहिल्या पिढीच्या स्ट्रट्समध्ये हे भगदाड २०१४ मध्ये समोर आले, तेव्हा त्या पिढीचा सांभाळ थांबल्याला एक वर्ष झाले होते. स्प्रिंगने तर २०१० मध्येच अशी वाट बंद केली होती. मग २०१७ मध्ये जावाच्या नवव्या आवृत्तीत प्रत्येक क्लासला ‘मॉड्यूल’ हा एक नवा पैलू मिळाला, बंद केलेल्या दाराला वळसा घालणारी नवी वाट त्यातून तयार झाली, आणि मार्च २०२२ च्या अखेरीस जगभरच्या स्प्रिंग वापरणाऱ्यांची धावपळ उडाली. ‘अमुक नावे घेऊ नका’ अशी बंदीची यादी का पुरत नाही ते या घटनेने दाखवले. भाषा वाढते, नावे वाढतात, बंदीची यादी मागे राहते.

याच्या उलट यादी टिकते: ‘एवढीच नावे घ्या’. स्प्रिंगमध्ये तशी परवानगीची यादी देता येते. डायना ॲक्शन फॉर्मकडे ती जन्मतःच होती; फाइलमध्ये न लिहिलेले नाव ओळीतून आले तर ते गाळलेच जाई. एक्सएमएल लिहून कंटाळलेल्यांना ती यादी ओझे वाटली. मला ती त्या रचनेची सर्वांत चांगली बाजू वाटते.

चालत्या प्रोग्राममध्ये रेघा आखायच्या तर

काही कामांना मात्र रकाने आधी ठरवून चालतच नाही. एखाद्या सर्वेक्षणात प्रश्न कार्यालयातला अधिकारी ठरवतो, दर वर्षी बदलतो, आणि त्यासाठी प्रत्येकदा प्रोग्रामरला बोलावणे त्याला परवडत नाही. इथे खरा डायनॅमिक फॉर्म लागतो.

प्ले या फ्रेमवर्कने यासाठी ‘डायनॅमिक फॉर्म’ नावाचाच ऑब्जेक्ट दिला आहे. विनंतीतल्या सगळ्या जोड्या तो मजकूर म्हणून धरून ठेवतो, नाव सांगितले की मूल्य देतो. दोन रकान्यांच्या शोधपेटीला तो पुरेसा आहे. मोठ्या अर्जाला तो एकटा पुरत नाही, कारण त्यात रेघाच नाहीत. काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन चालत्या प्रोग्राममध्ये खराखुरा जावा क्लास तयार करतात. सीजीलिब नावाची लायब्ररी रकान्यांची नावे आणि प्रकार दिले की तसा क्लास घडवून देते. पण असे क्लास मेमरीत जागा धरून बसतात आणि सहज सोडत नाहीत. प्रश्नावली दर आठवड्याला बदलणार असेल तर तो मार्ग मी घेणार नाही.

मला योग्य वाटतो तो मधला मार्ग. रकान्यांची यादी डेटाबेसच्या एका तक्त्यात ठेवायची: नाव, पानावर दिसणारा मथळा, प्रकार, भरणे सक्तीचे की नाही, आणि तो कोणत्या उत्तरावर अवलंबून आहे. अधिकारी त्या तक्त्यात भर घालतो. विनंती आली की प्रोग्राम तक्ता वाचून तिथल्या तिथे डायना क्लास बांधतो, त्यावरून कोरी बीन घेतो आणि यादीत असलेलीच नावे तिच्यात भरतो. पानही त्याच तक्त्यावरून आखले जाते, म्हणजे पडद्यावरचे रकाने आणि सर्व्हरवरचे रकाने यांत फरक पडत नाही. बदल करण्याची मोकळीक मिळते आणि लेखणीही आपल्याच माणसाच्या हाती राहते.

दोन गोष्टी यात सांभाळाव्या लागतात. ‘नाही’ म्हटल्यावर पडद्यावरून निघून गेलेले रकाने ओळीत येणार नाहीत असे मानून चालू नये. स्क्रिप्टने ते नुसते झाकले असतील तर आधी भरलेला मजकूर तरीही येतो. म्हणून ‘होय असेल तरच’ ही अट सर्व्हरने स्वतः पुन्हा तपासायची आणि अट जुळत नसेल तर ती मूल्ये टाकून द्यायची.

दुसरी गोष्ट काळाची आहे. यंदा ‘उत्पन्न’ हा रकाना पूर्णांकाचा होता, पुढच्या वर्षी अधिकाऱ्याने तो चार पर्यायांची निवड केला. मागच्या वर्षीचे भरलेले अर्ज नव्या यादीने उघडले तर ‘१८००००’ हे मूल्य चारांपैकी कोणत्याही पर्यायात बसणार नाही, आणि ज्याने नीट अर्ज भरला होता त्याचा अर्ज चुकीचा दिसू लागेल. त्यामुळे यादी कधी खोडून बदलायची नाही. प्रत्येक बदलाला यादीची नवी प्रत करायची, तिला क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येक भरलेल्या अर्जासोबत तो कोणत्या क्रमांकाच्या यादीवर भरला हे जपून ठेवायचे. जुना अर्ज उघडताना प्रोग्राम आधी तो क्रमांक पाहतो, त्या यादीवरून डायना क्लास बांधतो आणि मगच त्यात मूल्ये ठेवतो.